इंग्लंडमधली बाजारगावं : चौकात उभं राहून काय काय बघावं?

रानमेवा (धागाकर्ता)

भारतातून पाहुणे आले की आपल्यापैकी बहुतेकांची यादी ठरलेली असते. लंडन, ऑक्सफर्ड, बाथ, स्टोनहेंज आणि जमलंच तर लेक डिस्ट्रिक्ट. या ठिकाणांच्या मधल्या रस्त्यांवर शेकडो छोटी बाजारगावं आहेत. गाडीच्या काचेतून "किती सुंदर घरं!" म्हणत आपण ती मागे टाकतो. माझं मत असं की इंग्लंडचा पैसा कुठून आला, माणसं कशी जगली, हे राजवाड्यांपेक्षा या गावांत जास्त नीट कळतं. फक्त गावात शिरल्यावर थेट टी-रूम गाठायची नाही. आधी चौकात उभं राहून सगळीकडे नीट बघायचं. उत्तर कॉट्सवोल्ड्सचा, म्हणजे ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांचा, भाग माझ्या चांगला पायाखालचा आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. बाकीच्या भागांची भर तुम्ही घाला.

मध्ययुगात कुणीही उठून बाजार भरवू शकत नसे. त्याला राजाची सनद लागे. ती मिळायची जमीनदाराला, मठाला किंवा बिशपला. सनदेत बाजाराचा वार आणि वार्षिक जत्रेचे दिवस नेमून दिलेले असत, आणि जकात व गाळ्यांचं भाडं सनदवाल्याकडे जमा होई. त्यामुळे शेजाऱ्याने नवा बाजार काढला की भांडण ठरलेलं. १३व्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या कायदेग्रंथात याचा नियमच आहे: जुन्या बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत नवा बाजार भरला तर तो उपद्रव धरावा. हिशोब साधा होता. माणूस दिवसाला २० मैल चालतो असं धरायचं आणि दिवसाचे तीन भाग करायचे. एक भाग जायला, एक खरेदी-विक्रीला, एक अंधार पडायच्या आत घरी परतायला. नकाशा उघडून या गावांमधली अंतरं मोजून बघा, हा हिशोब बऱ्याच ठिकाणी दिसतो.

आता चौक. बाजाराची जागा बहुतेक वेळा चौकोनी नसतेच. रस्ता मध्येच फुगतो आणि पुढे परत अरुंद होतो, त्या फुगवट्यात बाजार भरायचा. दोन्ही बाजूंच्या घरांचं तोंड अरुंद असतं आणि मागे परसू लांबच लांब गेलेलं असतं. बाजारावर तोंड असलेली जागा सर्वांत मोलाची, म्हणून जमीनदाराने सुरुवातीलाच तसे पट्टे पाडून भाड्याने दिले. आठशे वर्षांत घरं कितीदा तरी बदलली, पण पट्ट्यांच्या रेषा अनेक गावांत जागच्या जागी आहेत. दोन घरांच्या मध्ये गाडी जाईल अशी कमान दिसली तर आत डोकावा. मागे तबेले, कोठारं, कामाच्या खोल्या असायच्या. चौकाच्या मधोमध घरांचा एक पुंजका उभा दिसला तर तिथे एके काळी रोज काढून न्यायच्या टपऱ्या होत्या हे ओळखावं. मालकांनी हळूहळू त्या काढायच्या बंद केल्या, मग भिंती आल्या, वर मजला आला.

चिपिंग कॅम्पडेनमध्ये हे सगळं एकाच रस्त्यावर दिसतं. १२व्या शतकाच्या अखेरीस आखलेला, जरासा वळत गेलेला मोठा रस्ता आणि मधोमध १६२७ सालचा मार्केट हॉल. सर बॅप्टिस्ट हिक्स हा लंडनचा कापडव्यापारी. राजा पहिल्या जेम्सलासुद्धा त्याने कर्ज दिलं होतं. त्याने हा हॉल बांधला तो लोकरीसाठी नाही, तर लोणी, चीज आणि कोंबड्या विकायला येणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून. चारी बाजूंनी कमानी, भिंत नाही. आत गेलात की खाली बघा. फरसबंदी सपाट नाही, दगड वरखाली झालेत, कडा गोल झाल्यात, चालताना घोटा जपावा लागतो. दुरुस्तीच्या नावाखाली कुणी तिथे गुळगुळीत लाद्या बसवल्या नाहीत याचा मला फार आनंद वाटतो. १९४०च्या दशकात हा हॉल अमेरिकेला विकला जायची वेळ आली होती. गावकऱ्यांनी पैसे जमवून तो नॅशनल ट्रस्टच्या हवाली केला.

तिथून थोडं खाली विल्यम ग्रेव्हलचं घर आहे, साधारण १३८०चं. चर्चमध्ये त्याच्या थडग्यावरच्या १४०१च्या पितळी पत्र्यावर त्याला अवघ्या इंग्लंडच्या लोकरव्यापाऱ्यांतलं फूल म्हटलंय. कॉट्सवोल्डची लांब धाग्याची लोकर फ्लँडर्स आणि इटलीत जायची, आणि राज्याची तिजोरी मोठ्या प्रमाणात तिच्यावरच्या करावर चालायची. ही लोकर डोळ्यांनी बघायची असेल तर नॉर्थलीचच्या चर्चमध्ये जा. गाव अगदी लहान, सनद १२२७ची, पण चर्च एखाद्या शहराला शोभेल असं. तिथे जॉन फोर्टी या व्यापाऱ्याचा १४५८चा पितळी पत्रा आहे. सरदारांच्या थडग्यांवर पायाशी सिंह किंवा कुत्रा असतो. फोर्टीचा एक पाय मेंढीवर आहे आणि दुसरा लोकरीच्या गठ्ठ्यावर. गठ्ठा दोरीने बांधलेला, मेंढीच्या अंगावरची लोकर कोरून काढलेली. पैसा कुठून आला हे लपवायची त्या माणसाला गरज वाटली नाही. त्या पत्र्याजवळ मी नेहमी बराच वेळ रेंगाळतो.

स्टो-ऑन-द-वोल्ड टेकडीवर आहे आणि आजूबाजूचे सात रस्ते तिथे येऊन मिळतात. त्याच्या चौकात येणाऱ्या काही बोळी इतक्या अरुंद आहेत की दोन माणसांना शेजारून जाता येत नाही. मेंढ्या चौकात एकामागून एक याव्यात आणि मोजता याव्यात म्हणून त्या तशा, असं तिथे सांगतात. १८व्या शतकाच्या सुरुवातीला एकेका जत्रेत २०,००० मेंढ्या विकल्या गेल्याची नोंद आहे. चर्चच्या उत्तरेकडच्या दाराला दोन्ही बाजूंनी दोन जुने यू वृक्ष चिकटून वाढलेत. फोटोसाठी गर्दी तिथे असते. मात्र त्याच चर्चमध्ये यादवी युद्धातल्या मार्च १६४६च्या लढाईनंतर राजाच्या बाजूचे कैदी कोंडले होते, ते वाचायला फार थोडे थांबतात.

मुक्कामाला मोरटन-इन-मार्श बरं. पॅडिंग्टनहून थेट गाडी आहे, साधारण दीड तास. गावाचा मुख्य रस्ता म्हणजे रोमनांचा फॉस वे. दर मंगळवारी तिथे अजूनही मोठा आठवडी बाजार भरतो.

ही गावं इतकी जशीच्या तशी का राहिली? कारण पैसा निघून गेला. कच्च्या लोकरीचा व्यापार आटला, कापडाचं काम वेगवान ओढ्यांच्या खोऱ्यांत आणि पुढे कोळशाजवळ यॉर्कशायरकडे सरकलं. घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसे उरले नाहीत. आपण ज्याला जपलेला वारसा म्हणतो त्यातला बराचसा भाग म्हणजे दोन-तीनशे वर्षांची ओढगस्त आहे.

---

गोदाकाठ

फारच उपयोगी धागा. मे महिन्यात आईबाबा येणार आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबांना इतिहासाची आवड, आईला बाजाराची. गाडी चालवायची नाहीये. कसं जमवावं?

---

रानमेवा

गोदाकाठ, तुमच्यासाठी तर मंगळवारच. सकाळी पॅडिंग्टनहून निघा, मोरटनचा बाजार स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर आहे आणि रस्ता सपाट आहे. काकूंना तिथे भाजी, चीज, रोपं, कापड, लोखंडी सामान सगळं बघायला मिळेल. हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही, आसपासची माणसं पिशव्या घेऊन येतात. काकांना कर्फ्यू टॉवर दाखवा, मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच आहे. त्यात १६३३ची घंटा आहे. दुपारी बसने स्टो किंवा कॅम्पडेन, दोन्हींतलं एकच. दोन्ही करायला गेलात तर कुठेच पाच मिनिटं बसता येणार नाही. कॅम्पडेनच्या हॉलमधली फरसबंदी मात्र काका-काकूंना हात धरून दाखवा. रविवारी बसवर विसंबू नका.

---

सायसाखर

आम्ही सफकमध्ये राहतो, म्हणून लॅव्हनमची भर घालते. तिथली जुनी घरं दगडी नाहीत, लाकडी सांगाड्याची आहेत. ओलं ओक वापरून घरं बांधली, लाकूड सुकताना वळलं आणि घरंही त्याच्याबरोबर वाकली. काही घरांचा वरचा मजला रस्त्यावर इतका झुकलाय की खालून जाताना मान आपोआप वर जाते.

लॅव्हनमचं नाव होतं निळ्या रंगाच्या जाड लोकरी कापडासाठी. १५२४च्या करवसुलीत हे गाव इंग्लंडातल्या श्रीमंत गावांत १४वं होतं. आज तिथे जेमतेम खेड्याएवढी वस्ती आहे, त्यामुळे हे वाचून माणूस चक्रावतो. मग कोलचेस्टरला नेदरलँड्सकडून आलेल्या निर्वासित विणकरांनी हलकं, स्वस्त कापड काढलं आणि लॅव्हनमचा धंदा बसला. रानमेवा म्हणतात ते अगदी खरंय. इतर गावांत लोकांनी १८व्या शतकात लाकडी घरांना पुढून विटांची नवी भिंत चढवली. लॅव्हनममध्ये त्यासाठीही फारसे पैसे नव्हते.

चौकातलं गिल्डहॉल साधारण १५२९चं आहे. आधी धार्मिक संघाचं, मग धर्मसुधारणेच्या (रिफॉर्मेशन) काळात संघच बंद पडला, पुढे तिथे तुरुंग, वर्कहाऊस (गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायची जागा) असं काय काय झालं. आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. आतल्या प्रदर्शनात वर्कहाऊसमधल्या गरिबांविषयी लिहिलंय ते चुकवू नका. मला तिथे सगळ्यात जास्त ते लक्षात राहिलं.

---

काळीमाती

माहिती छान आहे, पण एक मुद्दा मांडतो. या गावांची आजची अवस्था आपण बघतो का? घरांच्या किमती अशा की तिथे वाढलेल्या मुलामुलींना तिथे घर घेणं शक्य नाही. बरीच घरं सुट्टीपुरती उघडतात. हार्डवेअरचं दुकान जातं आणि तिथे सुगंधी मेणबत्त्या येतात. बाजारगाव म्हणायचं आणि घरात लागणारा खिळा मिळत नाही.

दुसरं, कॉट्सवोल्ड्सचा सगळा पैसा मेंढ्यांचा नाही. मोरटनजवळच सेझिन्कोट आहे. चार्ल्स कॉकरेल ईस्ट इंडिया कंपनीत होता, भारतात पैसा केला आणि १८०५च्या सुमारास भावाकडून मुघल धाटणीचा बंगला बांधून घेतला. वर कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट, आता हिरवा पडलेला. बागेत सूर्याचं देऊळ, पुलावर नंदी. हा पैसा कुणाचा होता, हे तिथे गेलेल्या आपल्या माणसाने तरी स्वतःला विचारायला हवं.

---

पाऊलवाट

काळीमातींशी सहमत, आणि त्याच वाटेवर आणखी एक ठिकाण सांगतो. स्टो आणि चिपिंग नॉर्टनच्या मधे डेल्सफर्ड आहे. वॉरन हेस्टिंग्जचं गाव. घराण्याच्या हातून गेलेली ही जहागीर त्याने १७८८ साली परत विकत घेतली, आणि त्याच वर्षी पार्लमेंटात त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला. खटला १७९५पर्यंत चालला, सुटला तेव्हा पार कफल्लक झाला होता. १८१८ साली गेला आणि तिथल्या चर्चच्या आवारात पुरला गेला.

आता आपला संबंध. जानेवारी १७७९मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज मराठ्यांनी वडगाव मावळला कोंडली आणि इंग्रजांना तह करावा लागला. तो तह धुडकावणारा गव्हर्नर-जनरल हाच. पुढे १७८२मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तोही याच्या कारकिर्दीत. साष्टी इंग्रजांकडे गेली ती कायमची. मी मूळ वडगावचा. गावात तहाची आठवण आहे, शाळेतून आम्हाला दाखवायला नेत. तळेगाव-वडगावच्या माळावर सुरू झालेल्या गोष्टीतला माणूस ग्लॉस्टरशायर-ऑक्सफर्डशायरच्या सीमेवरच्या एका शांत चर्चयार्डात आहे, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. बंगला खासगी आहे, आत जाता येत नाही.

---

रानमेवा

काळीमाती, पाऊलवाट, दोघांचंही म्हणणं मला पटतं. सेझिन्कोट वगळून कॉट्सवोल्ड्स दाखवू नयेत. पाहुण्यांना मी आधी नॉर्थलीचचा मेंढीवर पाय ठेवलेला व्यापारी दाखवतो आणि नंतर सेझिन्कोटची बाग. एकाने पैसा कुठून आला ते स्वतःच्या थडग्यावर कोरून घेतलं, दुसऱ्याने घुमट बांधून. सेझिन्कोट उन्हाळ्यात ठरावीक दिवशीच उघडतं, आधी बघून जा. पुढे राजा झालेल्या प्रिन्स रीजंटने १८०७मध्ये तिथे भेट दिली होती आणि ब्रायटनच्या त्याच्या राजवाड्याचे घुमट तिथून सुचले असं मानतात.

हार्डवेअरच्या दुकानाबद्दल: म्हणूनच मी बाजाराच्या दिवशी जा म्हणतो, आणि काहीतरी विकत घ्या म्हणतो. गाळेवाले टिकले तर बाजार टिकेल. फोटो काढून निघून जाणाऱ्यांवर तो टिकत नाही.

---

तळ्यातमळ्यात

वेलिंग्टन राहिलंच की! सॉमरसेटमधलं बाजारगाव. आर्थर वेलस्लीला १८०९मध्ये किताब द्यायचा ठरला तेव्हा घराण्याच्या नावाशी जुळणारं म्हणून हे गाव निवडलं गेलं. त्याचा स्वतःचा गावाशी संबंध नसल्यातच जमा. पण गावाबाहेर ब्लॅकडाऊन टेकड्यांवर त्याचं १७५ फूट उंच त्रिकोणी स्मारक आहे, २०२१पर्यंत त्याची मोठी डागडुजी चालली होती. हायवेवरूनही दिसतं.

हा वेलस्ली म्हणजे १८०३मध्ये अहमदनगरचा किल्ला, मग २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातलं असई, मग डिसेंबरात गाविलगड घेणारा. रणांगणावरची आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणजे असई, असं त्याने पुढे म्हटल्याचं सांगतात. स्मारकाच्या माहितीफलकांवर वॉटर्लू मोठ्या अक्षरात भेटेल, आपल्याला मात्र त्या टेकडीवर केळणा आणि जुई या नद्यांची आठवण होते.

गावही बघण्यासारखं आहे. फॉक्स ब्रदर्सची लोकरीची गिरणी १७७२पासूनची. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या पायाला गुंडाळायच्या पट्ट्या इथे विणल्या जायच्या. ती पट्टी इंग्रज फौजेने हिंदुस्थानातूनच उचललेली.

---

ओसरी

रानमेवा, कॅम्पडेनची खरी गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही.

ऑगस्ट १६६०. हिक्स घराण्याचा वयस्कर कारभारी विल्यम हॅरिसन वसुलीला म्हणून चालत बाहेर पडला आणि परत आला नाही. रस्त्यात त्याची कापलेली टोपी आणि रक्ताचे डाग पडलेला गळपट्टा सापडला. शोधायला पाठवलेला नोकर जॉन पेरी याच्यावर संशय गेला. त्याने काय केलं तर आपल्या आईने आणि भावाने पैशासाठी खून केला असं सांगितलं. प्रेत कुठेच सापडलं नाही. तरी १६६१मध्ये आई, जॉन आणि भाऊ रिचर्ड तिघांनाही ब्रॉडवेच्या टेकडीवर फाशी दिलं.

आणि १६६२मध्ये हॅरिसन घरी परत आला. म्हणाला, मला पळवून नेलं, समुद्री चाच्यांच्या हाती पडलो, तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकला गेलो, तिथून सुटून आलो. सत्तरी गाठलेल्या माणसाला कोण कशाला विकत घेईल, याचं उत्तर साडेतीनशे वर्षांत कुणालाही नीट देता आलेलं नाही. जॉनने स्वतःच्या आईवर आळ का घेतला याचंही नाही. मार्केट हॉलमध्ये उभं राहिलं की हॅरिसन ज्या घराण्यासाठी वसुली करायचा त्याच घराण्याच्या इमारतीत आपण आहोत, एवढं लक्षात असू द्या.

---

सायसाखर

बाप रे. तीन माणसं हकनाक गेली.

---

काळीमाती

कॅम्पडेनबद्दलच आणखी. १९०२ साली सी. आर. ॲशबी हा वास्तुकार लंडनच्या ईस्ट एंडमधले कारागीर बायकामुलांसह घेऊन तिथे आला. चांदीकाम, लोहारकाम, सुतारकाम, छपाई. गर्दीच्या शहरापेक्षा इथे माणूस हाताने चांगलं काम करील ही त्याची श्रद्धा. काही वर्षांतच आर्थिकदृष्ट्या तो प्रयोग बुडाला, पण शीप स्ट्रीटवरच्या जुन्या रेशीम गिरणीत हार्ट घराण्याचा चांदीकामाचा कारखाना तेव्हापासून आजतागायत चालू आहे. वर जाता येतं. छताला जुन्या बिलांच्या जुड्या टांगलेल्या आहेत, हातोड्यांच्या रांगा, खिडकीशी काम करणारा माणूस. दुकानात मेणबत्त्या आल्या म्हणून मी वर तक्रार केली, तेव्हा जे अजून चालू आहे तेही सांगायला हवं.

शेजारच्या ब्रॉड कॅम्पडेनमध्ये ॲशबीने दुरुस्त केलेल्या एका नॉर्मन चॅपलमध्ये आनंद कुमारस्वामी राहत होते. त्यांचा सिंहली कलेवरचा मोठा ग्रंथ १९०७-०८मध्ये त्यांनी तिथेच छापला, तोही विल्यम मॉरिसच्या छापखान्यातून ॲशबीकडे आलेल्या यंत्रावर. भारतीय कलेचा विचार नव्याने मांडणाऱ्या माणसाचं घर त्या गावात आहे, म्हणून मी तिथे पहिल्यांदा गेलो.

---

रानमेवा

ही भर फार मोलाची. ब्रॉड कॅम्पडेन कॅम्पडेनहून चालत जाण्यासारखं आहे, शेतातून पायवाट आहे. चॅपल खासगी घर आहे, बाहेरूनच बघायचं.

---

खडीसाखर

लडलोबद्दल कुणीच बोललं नाही? श्रॉपशायरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळ. किल्ला, किल्ल्यासमोर बाजार, चर्च, नदी, सगळं चालत फिरण्याएवढं. जवळजवळ ५०० इमारती सरकारी वारसा यादीत आहेत. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर नवपरिणीत बायकोसह या किल्ल्यात राहायला आला आणि १५०२मध्ये इथेच वारला. ती बायको म्हणजे अरागॉनची कॅथरिन. पुढे तिचं हेन्रीशी लग्न, मग घटस्फोटाचा तंटा, मग पोपशी काडीमोड. इंग्लंडच्या इतिहासाने जे वळण घेतलं त्याची सुरुवात या बाजारासमोरच्या किल्ल्यात आहे.

पण मला सांगायचंय ते चर्चमधल्या खुर्च्यांबद्दल. तासन्तास उभं राहून प्रार्थना म्हणणाऱ्यांना जरा टेकता यावं म्हणून घडीच्या बैठका असतात, त्यांच्या खालच्या बाजूला कोरीवकाम. लडलोत अशा २८ आहेत, बहुतेक १५व्या शतकातल्या. त्यातल्या एकीवर बीअर विकणारी बाई आहे. मापात मारलं म्हणून सैतान तिला खांद्यावर टाकून नरकाच्या जबड्याकडे नेतोय, तिच्या हातात तो मापाचा जग अजून आहे. एक सैतान तिच्या पापांची यादी वाचतोय, दुसरा बॅगपाइप वाजवतोय. पावाचं वजन आणि बीअरचं माप यावर इंग्लंडात १३व्या शतकापासून कायदा होता, तरी लोकांना कायद्यापेक्षा हे चित्र जास्त समजत असणार. तळहाताएवढ्या लाकडात हे सगळं. टॉर्च घेऊन जा आणि खाली वाकून बघा.

---

गोदाकाठ

हे वाचून आमच्याकडे पेठा वसवताना देत त्या कौलनाम्यांची आठवण झाली. शेटे-महाजन नेमायचे, व्यापाऱ्यांना काही वर्षं करमाफी द्यायची, बाजाराचा वार ठरवायचा. बाबांना हे सांगितलं तर ते दिवसभर त्याच विषयावर बोलतील :-)

पूर्वेकडे आणखी काही? परतीच्या आठवड्यात भावाकडे केंब्रिजला आहोत.

---

सायसाखर

केंब्रिजहून सॅफ्रन वॉल्डन अगदी जवळ. १६व्या-१७व्या शतकात या भागात केशराची शेती व्हायची, औषधाला, रंगाला, स्वयंपाकाला. चर्चमधल्या कोरीवकामात केशराचं फूल आहे, शोधायला लावा बाबांना. गावच्या मैदानावर गवतात कोरलेला चक्रव्यूह आहे, पूर्ण वाट चालली तर जवळपास एक मैल भरते. बाजार मंगळवारी आणि शनिवारी. चुन्याच्या गिलाव्यात नक्षी काढलेली जुनी घरंही आहेत, त्यासाठी मान वर करून चालावं लागतं.

आणि थोडं पुढे जायची तयारी असेल तर थेटफर्ड. नदीच्या बेटावर महाराजा दुलीपसिंगांचा अश्वारूढ पुतळा आहे, १९९९मध्ये उभारलेला. लहानपणी राज्य आणि कोहिनूर दोन्ही हिरावून घेतलेला हा शेवटचा शीख राजा जवळच एल्व्हडनला राहिला आणि तिथल्या चर्चच्या आवारात पुरला गेला. गावातलं एन्शंट हाऊस म्युझियम हे त्यांच्या मुलाने, फ्रेडरिकने, गावाला दिलेल्या १५व्या शतकातल्या घरात आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारा लेखक थॉमस पेन १७३७ साली याच गावात जन्मला. पंजाबहून बरीच माणसं थेटफर्डला मुद्दाम येतात, आपली मात्र फारशी दिसत नाहीत.

---

पाऊलवाट

उत्तरेकडचं एक वाक्यात: स्किप्टनला किल्ला आणि त्याच्या दारापासून खाली उतरणारा बाजार, बेकवेलला सोमवारी जा म्हणजे बाजाराबरोबर गुराढोरांचा लिलावही बघायला मिळेल, आणि रिपनमध्ये रात्री ९ वाजता चौकातल्या स्तंभाच्या चारी कोपऱ्यांवर शिंग फुंकतात, ते चुकवू नका. रोज फुंकतात, पाऊस असो वा बर्फ.

---

खडीसाखर

एक विचारायचं होतं. सगळी ठिकाणं तिकीट काढूनच बघावी लागतात का? चार जणांचं कुटुंब म्हणजे खर्च वाढतो.

---

रानमेवा

अजिबात नाही. चौक, बोळी, मार्केट हॉल, चर्च, सगळं फुकट. चर्चमध्ये पेटी असते, तीत मनापासून काहीतरी टाका. त्या छपरांचा खर्च गावातल्या मोजक्या माणसांवर पडतो. गावची छोटी संग्रहालयं स्वयंसेवक चालवतात, तिथे थांबून बोललात तर फलकावर नसलेलं बरंच कळतं. सप्टेंबरमध्ये हेरिटेज ओपन डेज असतात. एरवी बंद असणारी घरं, गिल्डहॉल, मनोरे त्या दिवसांत मोफत उघडतात. तुमच्या जवळच्या गावात काय उघडणार आहे त्याची यादी आधी येते, ती बघून ठेवा. हिवाळ्यात गेलात तर तीनच्या आत चर्च बघून घ्या, नंतर पितळी पत्रे अंधारात दिसत नाहीत. आणि नॉर्थलीचला पत्र्यांवर कधी कधी गालिचा अंथरलेला असतो. तिथे कुणी असेल तर विचारा, आनंदाने बाजूला करून दाखवतात.